बाहेरची कडी

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं कुणी ठरवावं लागत नाही. सातवा लागला की मुलीचा बाप न्यायला येतो, सासू कुरकुर करत का होईना खण-नारळानं ओटी भरते, आणि मुलगी मागं वळूनसुद्धा न बघता निघते. माझी वहिनी राहीबाई मात्र बाप दारात उभा असताना सोप्यातल्या खांबाला मिठी मारून बसली. पिशवी भरलेली, एस.टी.ची वेळ झालेली आणि ही म्हणते, "मी जात न्हाई. मला मारा, पर कोयनंला धाडू नगा."

हे चौऱ्याहत्तर सालचं. माझा भाऊ लालासाहेब पलटणीत होता, त्या वेळी कुठंतरी लांब सरहद्दीवर. आमचं गाव कऱ्हाडच्या खालच्या अंगाला, उसाच्या पट्ट्यातलं. घरात माझी आई तानुबाई आणि ही सून, एवढ्या दोघीच. वहिनीचं माहेर कोयनानगरच्या वर, डोंगरात. मी शालू, लालासाहेबाची बहीण, माधवनगरला दिलेली. आमचे मालक तिथल्या गिरणीत. त्यांचं नाव आकाराम. आता बेधडक घेते, तेव्हा घेत नव्हते. त्या दिवशी मी ओटी भरायलाच म्हणून माहेरी आले होते, त्यामुळे हा तमाशा मला समोर बसून बघायला मिळाला.

वहिनी घाबरट असती तर मी समजून घेतलं असतं. पण ती अंगानं थोराड, मनानं त्याहून. लग्न होऊन आली त्याच वर्षी विहिरीत पडलेलं शेजाऱ्याचं कोकरू तिनं कासोटा मारून, आत उतरून, खांद्यावर घालून वर आणलं होतं. गडीमाणसं काठावर उभी राहून सल्ले देत होती. एवढीच एक खोड होती की ती कधी आतल्या खोलीत झोपायची नाही. थंडी असो, पाऊस असो, वाकळ घेऊन सोप्यात. दारही ओढून घ्यायची नाही. आम्ही चेष्टा करायचो, "लाल्यादादा कवा येतोय ते बघायला दार उघडं ठेवलंय." ती हसायची. मला ते हसू खरं वाटायचं.

तिचा बाप नाथाजी, पटक्यातला उंच माणूस, त्या दिवशी ओट्यावर खाली मान घालून बसला होता. कुठलाही बाप अशा वेळी लेकीला रागावतो, समजावतो, निदान सासरच्यांकडं संशयानं बघतो. हा उठला आणि आईला म्हणाला, "तिची मर्जी न्हाई तर ऱ्हाऊ द्या, आक्का. हितंच बगा काय ते." आणि रिकाम्या हातानं एस.टी.कडं निघून गेला. आई दिवसभर बडबडत होती, की असला कसला बाप. मला वेगळीच काळजी लागली. खांबाला मिठी मारून बसलेल्या वहिनीचे पाय मी बघितले होते. घोट्यापाशी बोट दाबलं तर खळगा पडत होता आणि तो लवकर भरून येत नव्हता. आमच्या चाळीतली एक विणकराची मुलगी अशाच सुजेनं गेली होती. बाळंत होता होता तिला झटके आले, दातखीळ बसली, आणि पोटातलं पोटात राहिलं. मी तिला बघायला गेले होते. ते तोंड मी अजून विसरलेले नाही.

मी वहिनीला माधवनगरला घेऊन आले. आई म्हणाली, नणंदेच्या घरी पहिलं बाळंतपण, लोक तोंडात शेण घालतील. मी म्हटलं, घालू देत.

दुसऱ्याच दिवशी टांगा करून सांगलीला गेलो. तेव्हा एका डॉक्टरांचं फार नाव होतं. नवी तीनमजली इमारत, खाली तपासायची खोली, वर बाळंतिणी. डॉक्टरांनी वहिनीच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, पुन्हा फुगवला. लघवी तपासली. मग वहिनीकडं न बघता माझ्याशी बोलले. "रक्तदाब फार आहे. सूज आहे. मीठ बंद, पडून राहायचं. आणि घरी बाळंतपण करायचं डोक्यातून काढून टाका. झटके आले तर आई आणि मूल, दोन्ही हातचे जातात."

जे मला ठाऊक होतं तेच त्यांनी सांगितलं. मी लगेच म्हटलं, तुमच्याकडंच नाव घाला. त्यांनी नर्सबरोबर आम्हाला वरची खोली बघायला पाठवलं. वहिनी जिना निम्मा चढली, मान वर करून स्लॅबकडं बघितलं, आणि पायरीवर बसली. घामानं तिचा ब्लाउज भिजला. "वन्सं, मला हितं नगं." मी ओढलं, नर्सनं समजावलं, उपयोग शून्य. मला वाटलं पुरुष डॉक्टरची लाज वाटली असेल.

म्हणून दुसऱ्या खेपेला बाईडॉक्टर शोधली. गोड बोलणारी, सगळं तळमजल्यावर, जिना नाही. तिनं हौसेनं बाळंतपणाची खोली दाखवली. आतल्या अंगाला होती, भिंतीला पांढऱ्या फरशा, वर मोठा दिवा. नर्सनं आम्ही आत गेल्यावर मागचं दार लोटलं. वहिनी वळली, नर्सला बाजूला ढकललं आणि अनवाणी रस्त्यावर. चपला मी हातात घेऊन तिच्या मागं, हळद-बाजाराच्या गर्दीतून. सात महिन्यांची पोटुशी बाई पुढं पळतेय आणि तिची नणंद चपला घेऊन मागं, लोकांना करमणूक झाली. तिसऱ्या दिवशी मिरजेकडं गेलो. तिथली एक दगडी इमारत लांबून दिसली आणि ती टांग्यातून खालीच उतरली नाही.

मी तापट आहे, हे माझ्या सासरी आणि माहेरी दोन्हीकडं एकमतानं मान्य आहे. घरी आल्यावर मी तिला नको नको ते बोलले. "काय पायजे तुला? राजवाडा बांधू का? मरायचं असलं तर तुझ्या गावात जाऊन मर, माझ्या दारात नगं." ती भिंतीला टेकून बसली होती, सुजलेले पाय पुढं पसरून. तिनं उलट उत्तर दिलं नाही. नुसतं म्हणाली, "वन्सं, डोस्कं लय दुखतंय." माझा राग तिथंच गळाला आणि त्याच्या जागी नुसती भीती उरली. आता काय करायचं, कुठं न्यायचं, आणि ही गेली तर लालादादाला काय तोंड दाखवायचं, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

अशात आई येऊन थडकली. बरोबर गावची सुईण साळूबाई. सून कुठल्याच दवाखान्यात टिकत नाही हे तिच्या कानावर गेलं होतं आणि तिला मनातून बरंच वाटलं होतं. आईची सगळी बाळंतपणं साळूबाईच्या सासूनं केलेली. त्यातली आम्ही दोघं जगलो आणि बाकीची गेली, पण गेलेल्यांचा हिशेब आमच्याकडं सुईणीला कुणी विचारत नाही. मी डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. आई म्हणाली, "डाक्टर भ्या दावल्याबिगार कसा डाक्टर?" आणि दोघींनी माझ्या दोन खोल्यांतली आतली खोली तयार करायला घेतली.

खिडकीला पोतं ठोकलं. बाज टाकली. शेगडी, एरंडेल, वावडिंग, सगळं मांडलं. वहिनीला म्हणाल्या, जरा पडून बघ, वारं येतं का सांग. ती बाजेवर बसली. तिचं तोंड उतरलं होतं, पण एवढी सगळी तयारी बघून ती बिचारी काही बोलेना. मी ओसरीत तांदूळ निवडत होते. आमच्या चाळीत एक लाल मांजर होतं, महाचोरटं. ते उंबऱ्यापाशी घुटमळायला लागलं. आई साळूबाईला घेऊन खोलीतून बाहेर आली, मांजराला हाड केलं, आणि ते आत शिरू नये म्हणून दार ओढून बाहेरून कडी घातली. बास, एवढंच.

आतून जी किंकाळी आली तसली मी जन्मात ऐकली नव्हती. आधी शब्दच नव्हते. मग दारावर धडका. आई जागच्या जागी उभी. साळूबाई म्हणाली, झपाटली. मी तांदूळ टाकून धावले, कडी काढली. वहिनी दाराच्या फटीत बोटं घालून ओढत होती. दोन नखं निम्मी उपसली होती, फळीवर रक्ताचे ओघळ. ती माझ्या अंगावर कोसळली ती थेट ओसरीत. मी तिला धरून बसले. तिचं काळीज माझ्या छातीवर आदळत होतं, आणि पोटातलं मूलही लाथा मारत होतं.

बऱ्याच वेळानं ती बोलली. रस्त्याकडं बघत, हळू आवाजात.

"मला थोरली भन हुती, वन्सं. बनूआक्का."

आम्हाला सांगितलं होतं, थोरली मुलगी लहानपणीच तापानं गेली.

"बाळंतपनाला आल्ती ती. पोरगं झाल्तं. खोली मागल्या अंगाला, खिडकी अशीच पोत्यानं बुजवल्याली. मांजर हुतं आमच्यात, दुधाला सोकावल्यालं. आय फाटंचं पानी तापवाय उठली, आन् मांजर बाळाच्या अंगावर जाईल म्हून तिनं भाईरनं कडी घातली. मंग धरणी हालली."

सदुसष्ट सालचा तो कोयनेचा भूकंप आम्हालाही ठाऊक होता. आमच्या गावातही भांडी पडली होती. पण आमच्याकडं तो भांड्यांवर भागला होता.

"समदी भाईर पळाली. मी बी पळाले. अंगनात गेल्यावर ध्यानात आलं, आक्का न्हाई. मी म्हागारी गेले. कडीला हात घातला. चौकट तिरकी झाल्ती, कडी हलंना. आक्का आतनं म्हनती, राहे, कडी काढ की गं. रडत न्हवती, वन्सं. रोज म्हनायची तशीच म्हनाली. राहे, कडी काढ की गं. मी दोनी हातानं वढत हुते. बाबानं मला मागनं उचललं, आन् भिताड बसलं."

ओली बाळंतीण गेली की तिला लोक हडळ म्हणतात, त्या घरातली दुसरी मुलगी कोणी करून घेत नाही. म्हणून नाथाजीनं बनूला मरणानंतर पुन्हा एकदा मारलं. लहानपणीच तापानं गेली म्हणून सांगितलं. आणि ही पोर आमच्या घरात येऊन, इतकी वर्षं सोप्यात झोपून, आमच्या चेष्टेवर हसत राहिली होती.

मला वाटलं आई आता बोभाटा करणार. फसवून सून गळ्यात बांधली म्हणून पंचांत जाणार. आई उठली, आत गेली, हळद घेऊन आली. वहिनीचा हात मांडीवर घेतला आणि एकेका बोटाला हळद लावायला लागली. खिडकीवरचं पोतं साळूबाईनंच काढलं.

शेजारच्या चंद्राबाईनं तेव्हा सांगलीतल्या डॉक्टर ठाणेदारबाईंचं नाव सांगितलं. "तोंडानं फटकळ हाय, पर जाऊन बगा." नदीकडच्या बाजूला एक बुटकं कौलारू घर, पुढं पडवी, पडवीत दोन-तीन खाटा. डॉक्टर कमलिनी ठाणेदार, केस पिकलेल्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. खरं सांगायचं तर मला काही भरवसा वाटला नाही. वहिनीनं मात्र आल्या आल्या कौलांकडं बघितलं, पडवीकडं बघितलं आणि श्वास सोडला. मग बाळंतपणाच्या खोलीच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. दाराला बाहेरून कडी होती.

"बाई, ही कडी भाईरनं कशापाई?"

"कुत्री-मांजरं शिरतात म्हणून," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी डोळेच मिटले. आता हे पण गेलं. पण या वेळी मी मनाशी ठरवून आले होते. मी सगळं सांगून टाकलं, बनूचं, मांजराचं, तिरक्या चौकटीचं. बाई हात पुसत ऐकत होत्या. माझं झाल्यावर वहिनीनं विचारलं, "बाई, धरणी हालली तर तुमी पळाल का?"

मला वाटलं, आता या म्हणणार, छे गं, काहीतरीच काय विचारतेस. मला तेच ऐकायचं होतं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तशी वेळ माझ्यावर आलेली नाही. पाय आधी पळतात आणि माणसाला मागून कळतं. पण मी पळाले तरी हे दार उघडं राहील, एवढं मला आज करता येईल." त्यांनी टेबलाच्या खणातून स्क्रू काढायचा पेचकस काढला आणि वहिनीच्या हातात दिला. "काढ तूच."

वहिनीनं हळद लावलेल्या बोटांनी कडी काढली. एक स्क्रू गंजलेला होता, तोही तिनं सोडला नाही. कडी हातात आल्यावर तिला ती ठेवायची कुठं कळेना, म्हणून तिनं ती ओच्यात बांधली.

पण बाईंचं झालं नव्हतं. त्यांनीही तो पट्टा दंडाला बांधून बघितला होता आणि त्यांच्या कपाळाला आठी होती. "आता माझंही एक ऐकायचं. तुझं दुखणं वाईट आहे. दिवस भरत आले की तुला अंधाऱ्या खोलीत पडून राहावं लागेल. उजेड नको, आवाज नको, हालचाल नको. उजेडानं, आवाजानं झटका येतो. दार लावायलाच लागणार."

वहिनीच्या तोंडावरचा रंग उडालेला मला दिसला. ज्या खोलीच्या भीतीनं ती सगळीकडून पळाली, तीच खोली तिचं औषध होती. मी बाईंच्या पाया पडायच्या बेतात होते, की काहीतरी दुसरं सांगा. वहिनी दाराकडं बघत राहिली. मग म्हणाली, "दार नगं. घोंगडी लावा. काळी, जाड. उजेड येत न्हाई तिच्यातनं. पर वढली की निगती."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. "चालेल," म्हणाल्या.

परत येताना टांग्यात मी विचारलं, हीच का बरी वाटली तुला? इतके मोठे मोठे डॉक्टर झाले. वहिनी म्हणाली, "बाकी समदी म्हनत्यात, काय हुत न्हाई. ही तसं म्हनली न्हाई."

नववा लागायच्या सुमाराला एका सकाळी ती म्हणाली, डोळ्यांपुढं काजवे चमकतात. बाईंनी सांगून ठेवलेलं होतं, असं झालं की चूल विझवायलाही थांबू नका. आम्ही तसेच निघालो. ठाणेदारबाईंनी सुतार बोलावून दाराच्या बिजागऱ्या काढल्या, दार पडवीत भिंतीला टेकवून ठेवलं, आणि चौकटीला आमच्या मालकांची घोंगडी ठोकली, जतकडच्या धनगराकडून घेतलेली, काळीकुट्ट. आत हातभर अंतरावरचं माणूस दिसेना.

बाळंतिणीच्या उशाखाली आमच्यात विळा ठेवतात, बाहेरचं काही शिवू नये म्हणून. गडबडीत विळा घरीच राहिला. आई तळमळली. मग वहिनीनं ओच्यातून ती कडी काढली आणि उशाखाली सारली. आई म्हणाली, लोखंड ते लोखंड. आणि जिथं दार होतं तिथं, उंबऱ्यात, घोंगडीला पाठ लावून बसली. जेवायला उठवलं तर म्हणाली, हितंच आणून द्या.

त्या खोलीतले दोन दिवस मी कसे काढले ते मला सांगता येत नाही. मी आत, वहिनीचा हात धरून. बोलायचं नाही, खोकायचं नाही. बाई इंजेक्शन द्यायला यायच्या त्याही चपला बाहेर काढून. लांबून देवळातली घंटा वाजली तरी मी दचकायचे, की आता हिला झटका येणार. अंधारात तिचे डोळे उघडे आहेत की मिटलेले तेही कळायचं नाही. मी सारखी तिच्या नाकापुढं बोट धरून बघायचे. एकदा ती कुजबुजली, "वन्सं, हायसा न्हवं?" मी तिचा हात दाबला. मला बाहेर जायचं होतं. उजेडात जाऊन मोठ्यानं ओरडायचं होतं. पण तिनं माझं मनगट असं धरलं होतं की सोडवून घ्यायची सोयच नव्हती.

कळा सुरू झाल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी झटका आला. आधी तिचा हात माझ्या हातात ताठ झाला. मग सगळं अंग. खाट भिंतीवर आदळायला लागली, खाड खाड खाड. बाई घोंगडी सारून आत आल्या, फडकं गुंडाळलेला चमचा तिच्या दातांत घातला, मला म्हणाल्या, खांदे धर. फटीतून आलेल्या उजेडात मला वहिनीचं तोंड दिसलं. तेच तोंड. चाळीतल्या त्या मुलीचं. डोळे पांढरे, ओठ निळे, तोंडाला फेस. मला वाटलं, संपलं. आणि एवढं सगळं होत असताना कुणी ओरडायचं नव्हतं, कारण आवाजानं पुन्हा झटका आला असता. मी पदर तोंडात कोंबला होता. उंबऱ्यात आईनं पण कोंबला होता. बाईसुद्धा कुजबुजतच नर्सला हे दे, ते दे म्हणत होत्या. इतकी भीती आणि इतकी शांतता मी पुन्हा कधी एकत्र बघितली नाही.

खाट थांबली. वहिनी घोरायला लागली, ते घोरणं मला मरणाहून वाईट वाटलं. बाईंनी मला बाजूला केलं, चिमटे मागवले. मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. किती वेळ गेला माहीत नाही. एक ओला, बारका आवाज आला आणि लगेच नर्स ते गाठोडं घेऊन पडवीच्या पार टोकाला पळाली, रडणं आत ऐकू येऊ नये म्हणून. मुलगी होती. मांजराच्या पिलाएवढी. आईनं तिच्याकडं वळूनही बघितलं नाही. ती उंबऱ्यातून हलायला तयार नव्हती. सुनेचा श्वास ऐकत बसली होती.

दिवसभर वहिनी शुद्धीवर नव्हती. बाई सांगत नव्हत्या, ती वाचेल की नाही. मी विचारत नव्हते. दिवेलागणीला तिनं डोळे उघडले. बाई नाडी बघत होत्या. वहिनीची जीभ चावली गेली होती, तिला नीट बोलता येईना.

"वन्सं, धरणी हालली का वो?"

मी तिच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसला.

"हालली," ती स्वतःच म्हणाली. "खाट हालत हुती. मला कळत हुतं."

मी बाईंकडं बघितलं. आता या सांगतील, की अगं, तो तुझा आजार होता. पण त्याआधी उंबऱ्यातून, घोंगडीच्या पलीकडून, माझ्या आईचा आवाज आला.

"हालली की. लय हालली."

"कोन पळालं?"

"कोन न्हाई," आई म्हणाली. "मी हितंच दारात हाय. शाली तुझ्यापशी हाय. डाक्टरीनबाई हायत. कोन बी पळालं न्हाई."

डॉक्टरबाईंनी नाडी सोडली नाही आणि आईला खोटंही पाडलं नाही. वहिनी बराच वेळ वर अंधाराकडं बघत होती. मग तिनं माझं मनगट सोडलं, कूस बदलली आणि झोपली. माझ्या मनगटावर तिच्या बोटांचे काळे वळ उठले होते. तेव्हा कुठं मी पडवीत जाऊन पोटभर रडले.

बारसं गावच्या घरी झालं, त्याला नाथाजी आला. वहिनीची आई हरणाबाई पण आली. भूकंपानंतर ती बाई कुणाच्या घरी गेली नव्हती म्हणे. आमच्याकडंही सोप्याच्या कडेला, पटकन बाहेर पळता येईल अशी बसली. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. मी पाळण्यात वाकले आणि पोरीच्या कानात सांगितलं, बनू. मग उभी राहून सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं. हरणाबाई तोंडावर पदर घेऊन बसून राहिली. माझ्या आईनं पाळण्यातली पोर उचलली आणि नेऊन तिच्या मांडीवर दिली.

पुढं लालादादा पलटणीतून सुटून आला, जुनं घर पाडून सिमेंटचं बांधलं. वहिनी आता आतल्या खोलीत झोपते. जमीन हालली होती आणि कुणी पळालं नव्हतं, हे ती अजून सगळ्यांना सांगते, आणि आम्ही कुणी तिला खोडून काढत नाही. आई तर जाईपर्यंत तेच सांगत राहिली, इतक्यांदा की शेवटी तिचंच त्यावर पक्कं मत झालं असावं.

त्या घरात एकाही दाराला बाहेरून कडी नाही. त्यामुळे मांजरं बिनधास्त आत येतात आणि दूध पिऊन जातात. मी गेले की चिडते, हाकलायला उठते. वहिनी मला हाताला धरून खाली बसवते. "पिऊ दे, वन्सं," म्हणते.